शेतातल्या टॉवरची कुळकथा

शेतातला विजेचा टॉवर कोणत्या कायद्याने उभा राहतो, असं विचारलं तर शेतकरी म्हणेल, सरकारच्या. वकील म्हणेल, २००३ च्या वीज कायद्याच्या. दोघांचंही बरोबर आहे, पण आजोबांचं नाव कुणीच सांगितलेलं नाही. टॉवरचे चार पाय ज्या अधिकारावर रोवले जातात, तो अधिकार मुळात विजेसाठी दिलेलाच नव्हता. तो पोस्टातल्या तारेसाठी होता, दारात तारवाला दिसला की घरातल्या बायका आधी रडायला लागत त्या तारेसाठी. कायद्याचं साल १८८५.

ही कुळकथा सोनगीरपासून सांगायला सोपी जाते. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच हे गाव. वर किल्ला, खाली तांबटांची वस्ती. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात घरोघरी गेलेली. भांडी घेणाऱ्यांना गाव माहीत झालं ते नंतर. त्याच्या कितीतरी आधी हा रस्ता होता, आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या गोष्टी या रस्त्यानेच खानदेशात आल्या-गेल्या. फौजा गेल्या, मालाच्या गाड्या गेल्या. १८५४ साली तार आली.

विल्यम ओशॉनेसी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, मूळचा रसायनशास्त्राचा माणूस, त्याने कलकत्त्याहून आग्र्याला तार नेली आणि त्याच वर्षी आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईला. त्याच साली तारेचा पहिला कायदाही झाला आणि तार चालवण्याची मक्तेदारी सरकारकडे गेली. तीन वर्षांनी १८५७ उजाडलं. बंडाच्या बातम्या घोडेस्वाराच्या आधी तारेने पोचल्या, आणि तार हे राज्य टिकवण्याचं साधन आहे हे इंग्रजांनी कायमचं मनावर घेतलं. ज्या वस्तूवर राज्य टिकतं, तिच्या वाटेत कुणाचं वावर आलं म्हणून ती थांबून कशी चालेल? १८८५ च्या कायद्याचा तिसरा भाग याच मनःस्थितीत लिहिलेला आहे.

तो भाग मुळातून वाचावा असा आहे. कलम १० म्हणतं, तार खात्याच्या अधिकाऱ्याला कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून, बाजूने किंवा आरपार तार नेता येईल आणि त्या मालमत्तेत खांब रोवता येतील. मालकाची संमती हवी, असं कलमात कुठेही नाही. बदल्यात तीन गोष्टी दिल्या आहेत: सरकारला जमिनीत वापरापलीकडे हक्क मिळणार नाही, नुकसान शक्य तितकं कमी करायचं, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. म्हणजे सातबारा तुमच्याच नावावर राहतो, शेतसाराही तुम्हीच भरता. अहिराणीत सांगायचं तर वावर मन्हं, टावर त्यास्ना.

खरी गोम कलम १६ मध्ये आहे. मालकाने अडवलं तर जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारीच, ‘आपल्या विवेकानुसार’ काम करू देण्याचा हुकूम देऊ शकतात. हुकमानंतरही अडवलं तर तो सरकारी आज्ञा मोडल्याचा गुन्हा, परवापर्यंत भारतीय दंडविधानाचं कलम १८८, आता न्यायसंहितेचं २२३. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज. या रचनेत शेतकरी मालक म्हणून कुठे भेटतो, ते शोधून पाहा. एकदा तो नुकसान सोसणारा म्हणून येतो, एकदा अडथळा आणणारा म्हणून, आणि शेवटी अर्जदार म्हणून. आखणी होण्याआधी, लाईन इकडून न्यावी की तिकडून हे ठरण्याआधी, त्याला कुणी विचारावं अशी तरतूदच नाही. त्याचं म्हणणं कायद्याला ऐकू येतं ते तो आडवा पडल्यावर.

इंग्रजांच्या काळात यावरून फार बोभाटा झाला नसावा, आणि कारण साधं आहे. तारेचा खांब बारीक. त्याला कितीशी जागा लागणार? बांधावर, रस्त्याकडेला, कुठेही उभा राहील. खांब रोवून झाला की त्याच्या पायाशी ज्वारी पेरता येते. कायदा कडक होता, पण त्याचा भार हलका होता. भार वाढला आणि कायदा तोच राहिला, इथून गोष्ट बिघडते.

१९१० साली नवा वीज कायदा आला. वीज कंपनीने खासगी जमिनीत काम करायचं तर मालकाची संमती घ्यावी, हा त्यातला सर्वसाधारण नियम. पण कलम ५१ ने मागचं दार उघडं ठेवलं: सरकारला वाटलं तर ते लेखी हुकमाने तार खात्याचे अधिकार वीज कंपनीला देऊ शकेल. त्याच वर्षी टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्या काळातला गाजलेला तंटा मात्र तारांचा नव्हता, धरणाचा होता. मुळशीच्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे नाव आपल्याला मिळालं ते तिथून. सरकारने टाटांसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. मुंबईच्या गिरण्यांची गरज ती सार्वजनिक गरज, आणि मावळातली भातखाचरं ही खासगी बाब, अशी वाटणी तेव्हाच झाली. पुढे तिची कुणी फेरतपासणी केल्याचं दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने वीज मंडळांना तार खात्याचे अधिकार मंजूर योजनांपुरते आपसूकच मिळाले. १९६२ मध्ये पेट्रोलियम पाइपलाइनचा कायदा आला, त्यातही हीच कल्पना: जमीन तुमची, फक्त वापराचा हक्क आमचा. त्याचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. मुंबई-मनमाड-मांगल्या अशी इंधनाची पाइपलाइन खानदेशातून इंदूरकडे जाते ती याच हक्काने. तार, पाइपलाइन आणि महामार्ग यांची दिशा एकच आहे, आणि त्या दिशेत ज्यांची वावरं पडतात ती कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या तीच.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच आता राहिलं. टॉवरवाल्यांची त्याला काही अडचण नव्हती. कायदा तर होताच, शंभर वर्षं जुना.

मग २००३ चा वीज कायदा. वीजक्षेत्र खुलं झालं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मध्ये कंपन्या झाल्या, पारेषणात खासगी कंपन्या आल्या. इतकं सगळं बदलताना संसदेने १९१० चं कलम ५१ जवळपास जसंच्या तसं उचललं आणि कलम १६४ म्हणून ठेवलं. २००६ च्या नियमांत जमीनमालकाची संमती घ्यावी, हरकत आली तर जिल्हाधिकाऱ्यांनी ऐकून घ्यावं, अशी चांगली तरतूद झाली. पण त्याच नियमाचं शेवटचं वाक्य सांगतं की कलम १६४ च्या अधिकारांना यातलं काहीही लागू नाही. म्हणजे गावातली छोटी लाईन टाकताना संमती, आणि सातशे पासष्ट केव्हीची लाईन टाकताना फक्त कळवणं. ज्याचा भार जास्त, त्याला विचारपूस कमी. १४ डिसेंबर २०१६ रोजी पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: हे अधिकार असतील तर मालकाच्या संमतीची गरज नाही. तिथे जमीनमालक बडी कंपनी होती आणि जागा चुनखडीच्या खाणीची. कंपनीचं जिथे चाललं नाही, तिथे सोनगीरच्या कापूसवाल्याचं काय चालणार!

न्यायालयाने चूक केली असं मला म्हणायचं नाही. कायदा जसा लिहिलाय तसाच त्यांनी वाचला. माझं भांडण लिहिण्याशी आहे.

आता पैशाचं बोलू. कित्येक दशकं ‘नुकसान’ म्हणजे उभं पीक आणि तोडलेलं झाड, इतकंच धरलं जाई. टॉवर पन्नास वर्षं उभा राहणार, भरपाई एका हंगामाची. ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या: टॉवरच्या पायांखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ च्या नव्या सूचनांनी हे आकडे २०० आणि ३० टक्क्यांवर गेले. समजा एकराला दहा लाखांचा सरकारी दर आहे, म्हणजे गुंठ्याला पंचवीस हजार. टॉवरने एक गुंठा अडवला तर २०१५ च्या हिशेबाने २१,२५० रुपये, २०२४ च्या हिशेबाने ५०,०००. २२० केव्हीच्या लाईनखालचा पट्टा ३५ मीटर रुंदीचा; तो शंभर मीटर तुमच्या वावरातून गेला तर सुमारे साडेचौतीस गुंठे त्याखाली येतात. त्याचे आधी जास्तीत जास्त एक लाख तीस हजार, आता दोन लाख साठ हजारांच्या घरात. त्या पट्ट्यात घर नाही, गोठा नाही, उंच झाड नाही. लिंबाची बाग जमेल, आंब्याची नाही. बोअरची गाडी उभी करायची तर जीव मुठीत धरून.

सुधारणा झाली, हे कबूल केलं पाहिजे. पण ती सूचनांनी झाली, कायद्याने नाही. सूचना राज्याने स्वीकारायच्या, जिल्हाधिकाऱ्याने दर ठरवायचा, कंपनीने मानायचं. दोन गावांत एकाच लाईनला दोन दर निघतात आणि तिथेच आंदोलन पेटतं. भाव कमी मिळाला तर माणूस कुरकुरतो. शेजाऱ्यापेक्षा कमी मिळाला तर पेटून उठतो.

याचं सर्वांत विदारक उदाहरण सोनगीरपासून फार लांब नाही. महामार्ग सोडून चिमठाण्यावरून दोंडाईचाकडे गेलं की त्या बाजूला शिंदखेडा तालुक्यातलं विखरण आहे. तिथे गोष्ट टॉवरची नव्हती, जमीनच घेण्याची होती. २००९ च्या सुमारास दोंडाईचाला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र येणार म्हणून विखरण-मेथी परिसरातली जमीन घेण्याचं काम सुरू झालं. राज्यात तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज हवी यात कुणाचं दुमत नव्हतं. धर्मा पाटील या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन त्यात गेली. मोबदला सुमारे चार लाख रुपये. शेजारच्या, त्यांच्याहून कमी जमीन असलेल्या मालकाला एक कोटी ८९ लाख. जमीन बागायती होती, आंब्याची झाडं होती, ती धरलीच नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत खेटे घातले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयातच जीव देण्याचा प्रयत्न केला आणि २८ तारखेला जे. जे. रुग्णालयात ते वारले. मग फेरमूल्यांकनाची घोषणा झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत मंत्रालयात आणखी असे प्रकार घडले आणि इमारतीच्या आतल्या चौकात जाळी बसवण्यात आली.

जाळी लगेच लागली, हे लक्षात ठेवा. पंचनाम्यात झाडं मोजली गेली की नाही हे पाहायला मात्र इतकी वर्षं पुरली नव्हती.

आणि त्या विजेचं काय झालं? ३,३०० मेगावॅटचं केंद्र आलंच नाही. पुढे त्याच जमिनीवर सौर प्रकल्पाची योजना निघाली. कोळसा, पाणी, बाजार, धोरण अशी बरीच कारणं त्यामागे होती. एका माणसाच्या मोबदल्यावर सगळं खापर फोडणं खोटं ठरेल. पण ‘घाई आहे, देशाला वीज हवी आहे’ हे कारण सांगून ज्या जमिनीची चौकशी आवरती घेतली, ती जमीन पुढे वर्षानुवर्षं एक युनिटही न देता पडून राहिली. त्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथे वनहक्काच्या प्रश्नावर आदिवासींना रस्त्यावर उतरावं लागलं. इंधन बदललं. मालकाला आधी विचारायचं नाही, ही रीत बदलली नाही.

घाईची बाजू खोटी नाही, तीही मांडली पाहिजे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. दोन्ही दिवशी आधी बंद पडली ती बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन. पश्चिमेकडे वीज होती, उत्तरेकडे मागणी होती, मधल्या तारा अपुऱ्या पडल्या. देशाला लाईन हव्यात, लांब आणि जाड हव्यात, आणि त्या कुणाच्या ना कुणाच्या शेतावरूनच जाणार. धुळ्याला भोपाळ, औरंगाबाद, वडोदऱ्याशी जोडणाऱ्या मोठ्या पारेषण योजनेची कामंही त्याच दशकातली. आता सौर आणि पवन वीज वाढतेय, तसे टॉवर आणखी येतील. राजस्थानातल्या उन्हाची वीज मुंबईला तारेशिवाय कशी येणार?

शेतकऱ्यालाही हे कळतं. वीज मंडळाचे सिमेंटचे खांब आणि डीपी शेतात आले तेव्हा त्याने स्वतः बैलगाडीने खांब वाहून दिले, कारण ती वीज त्याच्याच मोटारीला येणार होती. उच्चदाबाची लाईन डोक्यावरून निघून जाते. खाली पंपाला वीज रात्रीची. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेल्या माणसाला वरून गुणगुणणाऱ्या तारा काय सांगत असतील?

इंग्लंडमध्ये आज काय रीत आहे? तिथल्या १९८९ च्या वीज कायद्यात कंपनी आधी मालकाकडे वाट मागते. तो नाही म्हणाला तर प्रकरण मंत्र्याकडे जातं, आणि हुकूम देण्याआधी मालकाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. लाईन शेवटी जातेच बहुधा. पण हुकमाच्या आधी ऐकून घेतलेलं असतं. आपल्याला १८८५ चा कायदा देऊन गेलेल्यांनी स्वतःसाठी वेगळी रीत ठेवली.

आपल्याकडे २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला, सामाजिक परिणाम तपासणी आली, ग्रामीण भागात वाढीव मोबदला आला. पण त्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे वगळलेले होते. कोळसा, पेट्रोलियम पाइपलाइन, अणुऊर्जा, वीज हे चारही कायदे त्या यादीत. मोबदल्याच्या तरतुदी २०१५ मध्ये त्यांनाही लावल्या गेल्या. टॉवरला त्याचा उपयोग नाही, कारण कागदोपत्री टॉवर जमीन घेतच नाही.

१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातली शेवटची तार पाठवली गेली आणि तारसेवा बंद झाली. दहा वर्षांनी, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा तार कायदा रद्द करण्याचं ठरलं. वसाहतीच्या खुणा पुसल्या म्हणून कौतुकही झालं. पण त्याच नव्या कायद्यात एक छोटं पोटकलम आहे: तार कायदा रद्द झाला तरी त्याचा तिसरा भाग, वीज कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण वाहिन्या टाकण्यापुरता, लागू राहील. म्हणजे तार संपली, तारघर संपलं, कायदा संपला. राणीच्या काळातला फक्त तेवढा भाग जिवंत ठेवला, आणि तो फक्त टॉवरसाठी.

तिसरा भाग जुना आहे म्हणून वाईट नाही. तो वाईट आहे कारण ऐकून घेण्याची पायरी त्यात हुकमाच्या नंतर येते, अडवल्यावर येते. वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. संसदेने कलम १६४ मध्ये आखणीपूर्व सुनावणीचं आणि दराचं एक पान घातलं तर एकही लाईन अडणार नाही, उलट अडलेल्या सुटतील. खानदेशातल्या खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारायला हरकत नाही.

तोवर, वावरात खुणा करणारे लोक आले तर आडवे पडू नका. कायद्याला तेच हवं असतं. कंपनीला तार खात्याचे अधिकार देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रत मागा. हरकत आणि दराची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या; दर पटला नाही तर कलम १६ खाली जिल्हा न्यायालयात जाता येतं. आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, विहीर, पाइपलाइन, ठिबक लिहिलंय का ते बघा, आणि झाडं स्वतः मोजून आकडा टाकून घ्या.